सायकल चालवा म्हणता डॉक्टर, पण कुठे?

मधुमेहाच्या पेशंटला व्यायाम समजावून सांगताना माझं एक वाक्य वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. "गुडघे कुरकुरत असतील तर चालण्यापेक्षा सायकल बरी." वैद्यकीयदृष्ट्या ते वाक्य आजही बरोबरच आहे. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट उचलते, गुडघ्याला धक्के बसत नाहीत, आणि मांडीचे मोठे स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर भराभर उचलू लागतात. त्यासाठी ते इन्शुलिनची फारशी वाटही पाहत नाहीत.

हे ऐकून बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी माळ्यावरची जुनी सायकल खाली काढली, ओव्हरहॉल करून घेतली आणि रोज सकाळी पाऊण तास चालवायला लागले. तीन महिन्यांत त्यांचं एचबीए१सी ८.६ वरून ७.२ वर आलं. चौथ्या महिन्यात एका टेम्पोने त्यांना मागून धक्का दिला. डावं मनगट आणि कॉलर बोन, दोन्ही मोडलं. प्लास्टर निघाल्यावर ते फॉलोअपला आले तेव्हा रागावलेले नव्हते. नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "डॉक्टर, तुमचं औषध लागू पडलं होतं हो. फक्त ते घ्यायचं कुठे, तेवढं सांगायचं राहिलं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या डॉक्टरांकडेही बहुधा नसेल. आपल्याकडे यावर एक तयार स्पष्टीकरण असतं: युरोपात जमतं, कारण त्यांच्या रक्तातच सायकल आहे, लोकसंख्या कमी आहे, रस्ते रुंद आहेत. मीही हेच म्हणायचो. मग दोन वर्षांपूर्वी पुतण्याकडे नेदरलँड्सला जाणं झालं, त्याच्याबरोबर ॲमस्टरडॅमहून उट्रेख्तपर्यंत सायकलने गेलो, आणि वाटेत दिसलेल्या गोष्टींच्या मागे काय आहे ते परत आल्यावर वाचत बसलो. माझं स्पष्टीकरण जवळजवळ सगळं चुकीचं निघालं. नेदरलँड्स हा महाराष्ट्रापेक्षाही दाट वस्तीचा देश आहे. उट्रेख्तच्या जुन्या भागातले रस्ते आपल्या पेठांची आठवण यावी इतके अरुंद आहेत. आणि रक्तातल्या सायकलीबद्दल बोलायचं तर ती एकदा जवळजवळ संपली होती. ती परत कशी आली, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

तुमचंही कोणी ना कोणी तिकडे असेल. ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलवेनमध्ये तर दिवाळीला मराठी फराळ मिळतो. तर कधी गेलात आणि तब्येत बरी असेल, तर हा प्रवास करा. अंतर साधारण ४५ किलोमीटर. आम्स्टेल नदीच्या काठाने औडरकेर्क, पुढे आबकौडे, मग फेख्त नावाची संथ नदी लागते. तिच्या काठाने लूनन, ब्रोकेलेन, मार्सन अशी गावं येतात. ब्रोकेलेन हे गाव पाहून थांबा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला नाव मिळालं ते या गावावरून. रस्ता पूर्ण सपाट. चढ नाहीत म्हणून खूश होऊ नका, तिथला घाट म्हणजे समोरून येणारा वारा, आणि त्याला उतार नसतो.

डॉक्टर आहे म्हणून थोडं बोलतो. भाड्याच्या सायकलला बहुतेक वेळा हातातला ब्रेक नसतो, पेडल उलटं मारलं की मागचं चाक थांबतं. पहिला अर्धा तास मोकळ्या जागी सराव करा. सीट आपण नेहमी फार खाली ठेवतो, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. त्याने गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा अगदी थोडा वाकलेला राहील इतकी सीट वर हवी. हँडलवर सगळा भार टाकून तासन्तास बसलात तर करंगळीत आणि शेजारच्या बोटात मुंग्या येतात. तळहाताच्या कडेने जाणारी नस दाबली जाते, म्हणून मधूनमधून हातांची जागा बदला. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर निघण्याआधी डोसबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला, खिशात ग्लुकोज ठेवा, आणि लक्षात ठेवा की लांब सायकल झाली की साखर त्याच रात्री झोपेतही उतरू शकते.

आता वाटेकडे बघा. चौकाचौकात एका खांबावर हिरव्या गोलात नुसते आकडे दिसतील. ४७ कडून ५२, ५२ कडून १८. तुम्ही सकाळी चार-पाच आकडे चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटवायचे आणि त्यांच्यामागे जायचं, नकाशा लागत नाही. ही युक्ती शेजारच्या बेल्जियममधली, १९९०च्या दशकातली. ह्यूगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्याला ती सुचली. कोळशाच्या खाणीत भुयारांच्या फाट्यांना नंबर असतात, तेच त्यांनी जमिनीवर आणलं.

त्याहून जुनी खूण गवतात दडलेली सापडेल. गुडघ्याइतक्या उंचीची, आळंबीसारखी दिसणारी, वरच्या उतरत्या कडांवर गावांची नावं आणि अंतरं लिहिलेली. डच लोक तिला आळंबीच म्हणतात. या आळंब्या १९१९ पासून आहेत, आणि त्या बसवल्या एएनडब्ल्यूबी या संस्थेने. ही संस्था १८८३ साली उट्रेख्तमध्ये स्थापन झाली, सायकलवाल्यांची संघटना म्हणून. फिरायला निघालेला माणूस अनोळखी रस्त्यावर चुकू नये म्हणून सभासदांच्या वर्गणीतून देशभर पाट्या लावायचं काम त्यांनी हाती घेतलं. म्हणजे ज्या पाट्यांवर पुढे मोटारी धावल्या, त्यांची सुरुवात सायकलवरच्या हौशी भटक्यांनी केली होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते परत येणार आहे.

उट्रेख्तमध्ये शिरल्यावर मालीबान नावाचा झाडांच्या रांगांचा रस्ता लागतो. १६३७ साली तो एका चेंडूफळीसारख्या खेळासाठी आखला होता. १८८५ साली त्याची एक बाजू फक्त सायकलींसाठी ठेवली गेली. देशातला पहिला सायकल मार्ग म्हणून तोच दाखवतात. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची हौस होती आणि तिला सगळ्यात जास्त विरोध कोणी केला म्हणाल, तर आमच्याच व्यवसायाने. १८९०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'सायकल-चेहरा' नावाचा आजार शोधून काढला होता. तोल सांभाळण्याच्या ताणाने चेहरा ओढलेला, डोळे वटारलेले, जबडा आवळलेला, आणि हे सगळं स्त्रियांना जास्त! स्त्रिया एकट्या घराबाहेर पडू लागल्या, हेच बहुधा त्या आजाराचं खरं लक्षण होतं. आज आम्ही छातीठोकपणे काही सांगतो, तेव्हा मला हा चेहरा आठवतो.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत सायकल स्वस्त झाली आणि कामगारांची, शाळकरी पोरांची, पाद्र्यांची झाली. मग सरकारचं लक्ष गेलं. १९२४ साली सायकलवर वर्षाला तीन गिल्डरचा कर बसला, आणि तो भरल्याचा पितळी बिल्ला सायकलला लावावा लागे. आमच्या पिढीतल्या वाचकांना नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला आठवेल, डबल सीट पकडणारा हवालदारही आठवेल. तिकडे बेरोजगारांना बिल्ला फुकट मिळायचा, पण त्याला भोक पाडलेलं असायचं, म्हणजे कोण गरीब ते लांबून कळावं. आणि या कराचा पैसा गेला रस्ते बांधायच्या निधीत, ज्यावर पुढे मोटारी चालल्या. हा कर उठवला तो १९४१ साली, देश ताब्यात घेतलेल्या जर्मनांनी. वर्षभरातच, १९४२च्या उन्हाळ्यात, त्याच जर्मनांनी लोकांच्या सायकली जप्त करायला सुरुवात केली. "आधी माझी सायकल परत करा" असं डच माणूस जर्मन माणसाला कितीतरी वर्षं चेष्टेत म्हणत असे.

चेष्टेमागचं वास्तव फार वाईट होतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नपुरवठा तुटला. शहरातला शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली गेला. सुमारे २०,००० माणसं भुकेने आणि थंडीने गेली. टायर मिळत नव्हते, म्हणून चाकांना लाकूड नाही तर बागेतल्या नळीचे तुकडे बांधून बायका खेड्याखेड्यांत शेतकऱ्यांकडे जायच्या, घरातली चादर किंवा अंगठी देऊन बटाटे आणायच्या. शंभर-शंभर किलोमीटर. सायकलवरच्या लांब प्रवासाचा हाही एक इतिहास आहे, आणि तुम्ही ज्या फेख्तच्या काठाने मजेत आलात, तसल्याच रस्त्यांवरचा.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते आपल्या फार जवळचं आहे. त्या हिवाळ्यात जी बाळं आईच्या पोटात होती, त्यांचा पाठपुरावा डच संशोधकांनी पन्नास वर्षांनंतर केला. त्यांच्यात साखर पचवण्याची क्षमता कमी आणि हृदयविकार जास्त आढळला. पोटातली उपासमार म्हातारपणापर्यंत पुरते, हे जगाला ज्या पुराव्यांतून पटलं, त्यातला हा एक मोठा पुरावा. आपल्या पुण्यात केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आजूबाजूच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं तपासून याच धाग्याचं दुसरं टोक पकडलं. आपली बाळं जन्मतः वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. तुमच्या बारीक अंगाच्या भावाला चाळिशीत मधुमेह का झाला, याचं अर्धं उत्तर तिथे आहे. आणि म्हणूनच आपल्याला सायकलची गरज डच लोकांपेक्षा जास्त आहे.

युद्धानंतर पैसा आला आणि मोटारी आल्या. १९५०च्या दशकात सायकल हे गरिबीचं, जुन्या काळाचं लक्षण वाटू लागलं. उट्रेख्तच्या भोवती बाराव्या शतकापासूनचा पाण्याचा खंदक आहे. १९५८ साली फॉइश्टिंगर नावाच्या जर्मन वाहतूक तज्ज्ञाने शहराला योजना दिली: खंदक बुजवा, त्यावरून मोटारींसाठी वर्तुळाकार रस्ता न्या. लोकांनी विरोध केला, सगळी योजना झाली नाही. पण स्टेशनच्या बाजूचा, कातरैनसिंगल नावाचा भाग गेला. १९७०च्या दशकात तिथलं पाणी काढून खोलगट मोटार रस्ता बांधला. ॲमस्टरडॅमसाठीही १९६७ साली योकिनेन नावाच्या अमेरिकी आराखडाकाराने कामगारांची वस्ती पाडून थेट शहरात सहापदरी रस्ता आणायची योजना मांडली होती. हे सगळे मूर्ख नव्हते. त्या वेळी जगभर हेच शहाणपण होतं, आणि आज आपल्याकडे आहे.

मग आकडे आले. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली. देशाची लोकसंख्या तेव्हा १ कोटी ३० लाखांच्या आसपास. मेलेल्यांमध्ये चारशेहून जास्त लहान मुलं होती. शाळेत जाताना, दूध आणायला जाताना, घरासमोर खेळताना. एका वर्षात चारशे मुलं एखाद्या तापाने गेली असती, तर आम्ही डॉक्टरांनी साथ जाहीर केली असती, पाण्याचे नमुने घेतले असते, सरकारने लस मागवली असती. पण यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'अपघात' लिहिलं गेलं, आणि अपघात म्हटलं की कोणाचंच काही चालत नाही असं आपण धरून चालतो.

फिक लांगनहोफ नावाचे एक पत्रकार होते. त्यांची स्वतःची लहान मुलगी अशीच गेली होती. १९७२ साली त्यांनी लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला, 'मुलांचे खून थांबवा'. डच भाषेत 'स्टॉप दे किंडरमोर्ट'. अपघात हा शब्द त्यांनी टाकून दिला. या मथळ्याचं नाव घेऊन आईबापांची संघटना उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष झाली मार्तिये फान पुटन नावाची विशीतली तरुण आई, पुढे ती युरोपच्या संसदेत गेली. या मंडळींनी काय केलं ते बघा. जिथे मुलं मेली, त्या चौकात जाऊन बसले. मुलांना खेळता यावं म्हणून रस्ते एक दिवसासाठी बंद करून घेतले. घरातली टेबलं उचलून भर रस्त्यात मांडली आणि तिथे जेवायला बसले. वाजवायचा ऑर्गन घेऊन पंतप्रधान योप डेन औल यांच्या घरासमोर गेले आणि गाणी म्हणून सुरक्षित रस्ते मागितले. बसेस जाळल्या नाहीत. पण ऐकून घेतल्याशिवाय हललेही नाहीत.

नशिबाची साथ म्हणायची तर तेलाची. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी नेदरलँड्सचं तेल तोडलं. पेट्रोल वाचवायला सरकारने ४ नोव्हेंबरपासून रविवारी खासगी मोटारी बंद केल्या. त्या रविवारचे फोटो तुम्ही कधीतरी पाहा. हायवेवर लोक स्केटिंग करताहेत, घोडे चालताहेत, आजोबा नातवाला सायकल शिकवताहेत. दोन महिने हे चाललं. ज्यांनी शहर मोटारीशिवाय कसं दिसतं हे वीस वर्षं पाहिलंच नव्हतं, त्यांनी ते पाहिलं. नुसत्या आईबापांच्या रडण्याने सरकार हललं असतं का, मला शंका आहे. आणि नुसत्या तेलटंचाईने रस्ते बदलले असते का? तेलटंचाई तर तेव्हा सगळ्या जगात होती, आपल्याकडेही होती. तेल परत आलं की बाकीचे देश परत मोटारीत बसले.

आणि ती एएनडब्ल्यूबी? आळंब्या बसवणारी सायकलवाल्यांची संघटना? ती तोवर मोटारवाल्यांची सगळ्यात मोठी संस्था झाली होती, रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त करून देणारी. १९७५ साली नव्या पोरांनी सायकलवाल्यांची वेगळी संघटना काढली आणि तिचं नाव मुद्दाम ठेवलं 'पहिली, एकमेव, खरी डच सायकलस्वार संघटना', संक्षेपही मूळ संस्थेसारखाच. चिडून जुनी संस्था कोर्टात गेली, नव्यांना नाव बदलावं लागलं. ती संघटना आजही आहे, तिच्या सभासदांनी गावोगावच्या रस्त्यांचे नकाशे काढून महापालिकांना खड्ड्यागणिक जाब विचारलेला आहे.

रस्ते बदलायचं काम मात्र एका रात्रीत जमलं नाही, आणि पहिले प्रयत्न फसलेही. सरकारने द हेग आणि टिलबुर्ग या शहरांत एकेक देखणा सायकल मार्ग बांधला. त्या मार्गावर सायकली वाढल्या, पण शहरात एकूण सायकल चालवणं वाढलं नाही. कारण मार्ग संपला की माणूस परत ट्रकच्या पुढ्यात. हेगमधल्या दुकानदारांनी गिऱ्हाईक बुडेल म्हणून आरडाओरडा केला तो वेगळाच. मग डेल्फ्ट शहरात १९८०च्या दशकात एक मार्ग न करता सगळ्या गावात जाळं विणलं, शाळेपासून घरापर्यंत, घरापासून स्टेशनपर्यंत न तुटणारं. तिथे आकडा हलला. आम्हा डॉक्टरांना हे लगेच कळतं. एका शिरेचा अडथळा काढला आणि पुढची शीर बंदच असेल, तर पायाला रक्त पोचत नाही. उत्तरेतल्या ग्रोनिंगनने १९७७ साली वेगळाच इलाज केला. शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले आणि एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जायची वाटच बंद केली, बाहेरून वळसा घालून या. सायकल मात्र सरळ.

दुसरा इलाज वेगाचा. वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली. ५० आणि ३० मध्ये फरक फार वाटत नाही, पण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ३० चा वर्ग ९००, ५० चा २,५००. म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. ३० ने धडक बसलेला माणूस बहुतेक वेळा आमच्याकडे जिवंत येतो आणि चालत घरी जातो. ५० ने बसलेल्याबद्दल मी तेवढ्या खात्रीने बोलणार नाही. आणि ही मर्यादा त्यांनी नुसती पाटी लावून पाळायला लावली नाही. रस्ताच अरुंद केला, विटांचा केला, वळणं दिली, उंचवटे दिले. वेगाने गाडी हाकणाऱ्यालाच तिथे अवघडल्यासारखं होतं. शिस्त रक्तात असावी लागते असं म्हणणाऱ्यांनी तो रस्ता पाहावा.

तर आता तुम्ही उट्रेख्तमध्ये आहात. सायकल ठेवायची असेल तर स्टेशनखाली जा. तीन मजले, १२,५०० सायकलींची जागा, २०१९ साली पूर्ण झालेला जगातला सगळ्यात मोठा सायकल तळ. सायकलवरून न उतरता आत शिरता येतं, आणि पहिले २४ तास फुकट. मी आमची जागा विसरलो आणि पुतण्यासह वीस मिनिटं शोधत फिरलो, त्याची फार चेष्टा झाली. शहराच्या पश्चिमेला कालव्यावर एक सायकल पूल आहे, डाफ्ने स्किपर्स या धावपटूच्या नावाचा. २०१७ साली बांधताना उताराला जागा नव्हती, म्हणून तो शाळेच्या छतावरून वळवून खाली आणला. वर सायकली, खाली वर्ग भरलेला.

वेळ असेल तर आणखी एक गोष्ट आठवा, डोळे तपासताना तुम्ही जो अक्षरांचा तक्ता वाचता, मोठं अक्षर वर आणि बारीक होत खाली, तो १८६२ साली हेर्मान स्नेलेन यांनी याच गावात केला. 'सहा बाय सहा' हा शब्दप्रयोग तिथून आला. कोंड्याशिवायच्या तांदळाने बेरीबेरी होतो हे कोंबड्यांवरून ओळखणारे आणि त्याबद्दल १९२९ साली नोबेल मिळवणारे आइकमनही इथेच प्राध्यापक होते. माझ्यासारख्याला तीर्थयात्राच.

पण मला सगळ्यात जास्त वेळ थांबवलं ते कातरैनसिंगलने. तो मोटार रस्ता आता नाही. २००२ साली शहराने स्टेशनच्या परिसराचं काय करायचं यावर मतदान घेतलं, आणि लोकांनी पाणी परत आणणारी योजना निवडली. रस्ता उखडला, खोदला, आणि १२ सप्टेंबर २०२० रोजी खंदकाचं वर्तुळ पुन्हा पूर्ण झालं. आता होडीत बसून गावाला पूर्ण फेरी मारता येते. काठावर पोरं पाय सोडून बसलेली असतात. मी तिथे कॉफी घेऊन बसलो आणि मनात हिशेब करत राहिलो, की एक पिढी बुजवण्यात आणि एक पिढी उकरण्यात गेली, दोन्हींचा खर्च त्याच गावाने भरला.

पाय टिकले असतील तर दुसऱ्या दिवशी दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटरवरच्या हाउटनला जा. हे पन्नासेक हजार वस्तीचं गाव १९७०च्या दशकानंतर सायकल मध्यभागी धरूनच आखलं गेलं. मोटारीला शेजारच्या वस्तीत जायचं तर आधी बाहेरच्या गोल रस्त्यावर जावं लागतं, सायकलने मधूनच पाच मिनिटांत पोचता येतं. शाळा सुटल्यावर सात-आठ वर्षांची मुलं एकटी, दप्तर लावून, गप्पा मारत सायकलवर घरी जाताना दिसतात. मोठं माणूस बरोबर नाही. मी तिथे उभा राहून ते बघत होतो, तेव्हा पुतण्याने विचारलं, काका, फोटो काढायचाय का? मला फोटोचं सुचलंच नव्हतं.

आता डॉक्टर म्हणून ताळेबंद. २०१५ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासाने हिशेब मांडला की नेदरलँड्समध्ये सायकलिंगमुळे वर्षाला सुमारे ६,५०० मृत्यू टळतात आणि माणसाचं सरासरी आयुष्य अर्ध्या वर्षाने वाढतं. अर्धं वर्ष थोडं वाटेल, पण ते सगळ्या लोकसंख्येवरचं आहे, न चालवणारे धरून. कोपनहेगनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, कामाला सायकलने न जाणाऱ्यांचा मृत्युदर जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के जास्त निघाला, इतर व्यायाम आणि धूम्रपान हिशेबात धरूनही. यातला एक मुद्दा महत्त्वाचा आहे. हे लोक व्यायामाला जात नव्हते, कामाला जात होते.

आणि जमेच्या बाजूबरोबर खर्चाचीही सांगतो. २०१७ साली नेदरलँड्समध्ये पहिल्यांदाच मोटारीत मेलेल्यांपेक्षा सायकलवर मेलेले जास्त होते, २०६ विरुद्ध २०१. त्यात म्हातारी माणसं खूप. बॅटरीच्या सायकलमुळे पंच्याहत्तरीतही वेग येतो, पण तोल आणि हाडं पंच्याहत्तरीचीच राहतात. हेल्मेट डच माणूस घालत नाही, आणि तिथले डॉक्टर त्यावरून त्यांच्यावर वैतागलेले असतात. तुम्ही घाला. सायकलचं स्वर्गाचं गाव कुठेच नाही. पण रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची ती चारशेची संख्या आता वर्षाला वीसच्या आसपास किंवा त्याहून खाली आली आहे.

परत आल्यावर हे सगळं मी त्या बँकेतल्या गृहस्थांना सांगितलं. ओपीडीत गर्दी होती, तरी ते ऐकत बसले. त्यांनी आता गॅलरीत जागच्या जागी चालवायची सायकल आणली आहे, साखर ७.४ आहे. त्यांच्या गॅलरीतून खाली रस्त्याच्या कडेला रंगवलेला सायकल ट्रॅक दिसतो, त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात आणि एक वडापावची गाडी. लहानपणी याच रस्त्याने ते सायकलने शाळेत जायचे, तेव्हा रस्ता रिकामा असायचा. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "त्या लोकांनी जेवायची टेबलं रस्त्यात मांडली, म्हणजे परवानगी काढून की तशीच?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या महिन्याच्या फॉलोअपला ते आले तेव्हा फाइलबरोबर एक कागद होता. सोसायटीसमोरच्या शाळेच्या रस्त्यावर सकाळी सात ते आठ मोटारी बंद ठेवाव्यात, असा अर्ज. खाली बावीस सह्या. त्यांनी पेन पुढे केलं आणि म्हणाले, नावापुढे डिग्री लिहा डॉक्टर, जरा वजन पडतं. तेविसावी सही माझी आहे.